आत काय हाय ते सांग

आबांची आणि पुस्तकांची ओळख फडक्यानं झाली. लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं आली, वसतिगृहं आली, आणि गावातल्या बऱ्याच जणांना सफाईच्या कंत्राटावर काम मिळालं. कुणाच्या वाट्याला कँटीन आलं, कुणाच्या वाट्याला बाग, माझ्या वडलांच्या वाट्याला लायब्ररी. सकाळी लवकर कुलूप उघडायचं, फरशी पुसायची, मग एकेक कप्पा रिकामा करून प्रत्येक पुस्तक फडक्यानं पुसायचं आणि होतं तसं परत लावायचं. आबा सातवीपर्यंत शिकलेले. आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी, विहाराच्या मागच्या आळीत. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं चूल. आई भुकूमच्या एका नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरायला जायची, आणि मी पुण्यात कॉलेजला. संध्याकाळी तिघं एकत्र आलो की घरात तीन वास असायचे. आईच्या हाताला ओल्या मातीचा, माझ्या ओढणीला बसच्या धुराचा आणि आबांच्या सदऱ्याला जुन्या कागदाचा. तो कागदाचा वास मला अजून कुठं आला की मी थांबते. परवा बँकेत एक जुनी फाइल उघडली तर मी साहेबाचं बोलणं सोडून तिचाच वास घेत बसले.

एके संध्याकाळी आई हुलग्याचं माडगं ढवळत होती आणि आबा भिंतीला टेकून बसले होते. एकाएकी म्हणाले, "सवे, चार वर्सं झाली मी पुस्तकं पुसतुया. कुटलं कुटं हाय ते डोळं झाकून सांगीन. पर आत काय हाय त्ये ठावं न्हाई. बंद दुकानाची राखण केल्यागत वाटतंय बग."

"मग वाचा की," मी म्हणाले.

"तितं निम्मी इंग्रजी हायेत. आन् मराठी वाचाया बसलो तर काम कोन करनार? तू वाच. आत काय हाय ते मला सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथपाल मॅडमना विचारलं. करंदीकर मॅडम उंच, करारी बाई. त्यांच्यापुढं प्राध्यापकसुद्धा हळू बोलत. आबांचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या नावावर दोन पुस्तकं न्या. पंधरा दिवसांनी परत. आणि पानावर आमटीचा डाग दिसला, तर तुम्हाला नाही, तुमच्या मुलीला बोलावून घेईन." आबांनी ती दोन पुस्तकं सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून टेकडी उतरून आणली.

तिथून माझं वाचन सुरू झालं. त्याला काही शिस्त नव्हती, कारण निवड माझी नव्हती. आबा ज्या दिवशी जो कप्पा पुसत, त्यातलं त्यांना जे आवडेल ते घरी येई, आणि त्यांची आवड पुठ्ठ्यावरून ठरे. त्यामुळे एका पंधरवड्यात समुद्रावरची कादंबरी आणि स्मरणशक्ती वाढवायचे उपाय, तर पुढच्या पंधरवड्यात खुनाची गोष्ट आणि वेळेचं नियोजन. मराठी भराभर वाचून व्हायचं. इंग्रजीला मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसे. बसमध्ये वाचे, नळाला रांगेत उभी असताना वाचे. कॉलेजात माझ्याकडं शिकवणीची, कोचिंगची पुस्तकं नव्हती, पण वर्षभरात मी इतकं काही वाचलं की इंग्रजीच्या तासाला सरांनी प्रश्न विचारला की मुलं आधी माझ्याकडं बघत. हे मी आज थोड्या अभिमानानं लिहिते आहे. त्या वयात अभिमान वाटून घ्यायलाही मला लाज वाटायची.

वाचणं सोपं होतं, सांगणं अवघड. मी पहिली कादंबरी आबांना सांगितली ती अशी: अमुक गाव होतं, त्यात अमुक माणूस होता, त्याला तीन भाऊ होते, थोरल्याचं नाव हे, धाकट्याचं ते. आबा सगळं ऐकून म्हणाले, "ही गोष्ट हाय का मतदारयादी?" मला राग आला, पण ते खरं होतं. पुढं एकदा योगायोगानं एक पातळ इंग्रजी पुस्तक आलं. गोष्ट कशी लिहावी हे शिकवणारं. असं काही शिकवता येतं हेच मला माहीत नव्हतं. त्यात म्हटलं होतं की गोष्टीतल्या माणसाला काहीतरी मनापासून हवं असलं पाहिजे, आणि ते त्याला सहजी मिळता कामा नये. आणि गोष्ट गावाच्या वर्णनापासून नाही, अडचणीपासून सुरू करावी. ते पुस्तक मी दोनदा परत करून तिसऱ्यांदा आणवलं. त्याच जातीची आणखी चार-पाच पुस्तकं त्या लायब्ररीत होती. ती सगळी मी वाचली, आणि रोज रात्रीच्या जेवणाआधी माझी परीक्षा पडवीत होऊ लागली.

अशीच एक इंग्रजी कादंबरी होती, डोंगरातल्या एका पोस्टमनची. ती मी सरळ अडचणीपासून सुरू केली. "आबा, पोस्टमनच्या हातात एक पत्र आहे. ज्या म्हातारीच्या नावानं ते आलंय, तिला तीन दिवसांपूर्वीच त्यानं खांदा दिलाय. पत्र तिच्या मुलाचं, तुरुंगातनं आलेलं. त्याला आई गेल्याचं माहीत नाही."

आबा पुढं सरकले. "परत पाठवलं का त्यानं?"

"नाही. खिशात ठेवलं. आठवड्यानं दुसरं आलं. मग तिसरं."

"उघडलं का?"

चुलीपाशी भाकरी करपल्याचा वास आला. आई ओरडली, "बगा, तुमच्या नादात भाकरी करपली! मी काय ऐकत न्हाई हां तुमचं. मला कामं हायेत."

आईचं पुस्तकांशी वाकडं होतं ते विशेषतः स्वतःला घडवायला सांगणाऱ्या पुस्तकांशी. ती मला त्या काळात फार आवडत. त्यांतली वाक्यं मी वहीत उतरवून घेई आणि मोठ्यानं वाचून दाखवी. एकदा वाचलं, यशस्वी माणसं पहाटे पाचला उठतात. आई म्हणाली, "मी चारला उठतीया. मला अजून कोन हुडकत न्हाई आलं." आणखी एकदा वाचलं, रोज सकाळी आरशात बघून स्वतःची स्तुती करा. आईनं दोन दिवस आरशापुढं उभं राहून "इंदू, तू लई ग्वाड हायेस" असं म्हणून आम्हाला पोट धरून हसवलं. तिसऱ्या दिवशी मात्र ती एकटी असताना तसं म्हणताना मी पाहिलं, आणि तेव्हा ती हसत नव्हती.

मग एके दिवशी आबा वेळेआधी घरी आले. मॅडमनी त्यांना बोलावून सांगितलं होतं की सफाईचं कंत्राट पुढच्या वर्षी एका एजन्सीकडं जाणार, आणि एजन्सी स्वतःची तरुण माणसं आणणार. पण लायब्ररीतला परिचर त्याच सुमारास निवृत्त होत होता. पुस्तकं काढून देणं, लावणं, नोंद ठेवणं, असं ते पक्कं काम होतं. "तुमच्याइतकी पुस्तकांची जागा इथं कुणाला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण दहावी पास लागते. त्यात मला काही करता येणार नाही. तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरा." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा. आबांचं वय तेव्हा चव्वेचाळीस.

"ह्या वयात?" आबा म्हणाले.

"मग कुटल्या वयात? फुडच्या जल्मी?" आई म्हणाली. फॉर्म दुसऱ्याच दिवशी भरला.

आता मला माझ्या तेव्हाच्या स्वतःला एक चापट द्यावीशी वाटते. आबांचा अभ्यास घ्यायचा म्हणजे काय, हे मी त्या यशाच्या पुस्तकांतून शिकले होते. पडवीच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत कागद डकवले. 'मनात आणलं की सगळं होतं.' 'अपयश फक्त आळशाला येतं.' वेळापत्रक केलं, त्यात आबांचे तास रंगीत खडूंनी रंगवले. पहाटे त्यांना उठवून डोळे मिटून स्वतःचं यश बघायला लावलं. ते बिचारे डोळे मिटून बसत आणि दोन मिनिटांत घोरू लागत. मराठी, इतिहास, भूगोल त्यांना आवडले. इंग्रजी मी पाठ करून घेतलं आणि बीजगणित दामटून. आळीत बातमी पसरली होतीच. विहारापाशी बसणारी माणसं विचारत, "काय मास्तर, लेकीनं छडी मारली का न्हाई आज?" आबा हसून पुढं जात.

मार्चमध्ये पौडच्या केंद्रावर परीक्षा झाली. मागच्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, "काका, जरा सरका ना, पेपर दिसू द्या," आणि आबांनी त्याला सांगितलं, "लेकरा, मलाच काय दिसत न्हाई, तुला काय दाखवू." ही गोष्ट ते घरी हसत हसत सांगत होते. जूनमध्ये निकाल लागला. मराठी, हिंदी, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, सगळ्यांत पास. मराठीत तर आमच्या शाळेतल्या पोरांच्या तोंडात बोट जाईल असे गुण. इंग्रजी आणि गणित राहिलं.

गुणपत्रिका चार घड्या करून आबांनी पत्र्याच्या पेटीत टाकली. विहारापाशी कुणी काही म्हणालं असावं, कारण त्या दिवसापासून ते घराच्या मागच्या वाटेनं येऊ लागले. मी नवं पुस्तक मागवलं तर म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे." पडवीतल्या गोष्टी थांबल्या. भाकरी थापल्याचा आवाज, आळीतल्या कुणाच्या टीव्हीवरची मालिका, एवढंच ऐकू यायचं. मी त्यांना धीर द्यायचा म्हणून वहीतलं एक वाक्य वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. समजून घ्यायचं म्हणून विचारावं तसं विचारलं.

"सवे, पुस्तक म्हणतंय मनात आनलं की व्हतं. माज्या मनात लई हाय गं. मंग झालं का न्हाई? म्हंजी माजं मनच खोटं का?"

 मी उठले आणि भिंतीवरचे कागद एकेक करून काढले. त्या पुस्तकांना मी आज वाईट म्हणत नाही. वेळ कसा वाचवावा, मोठं काम लहान तुकड्यांत कसं करावं, हे मला त्यांनीच शिकवलं. पण जो माणूस आधीच जिवाच्या आकांतानं धडपडतोय, त्याला 'तू पुरेसं मनात आणलं नाहीस' असं सांगणं म्हणजे पडलेल्याच्या पाठीवर ओझं ठेवणं. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, आबांच्या त्या एका प्रश्नानं सांगितलं.

मी कागदांचा बोळा घेऊन चुलीपाशी गेले. आईनं तो जाळात घातला, फुंकणीनं फुंकलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या पोस्टमनचं काय झालं?"

"तू तर ऐकत नव्हतीस."

"कान काय उंबऱ्यावर काडून ठिवू? सांग, काय झालं? त्यानं तिसरं पत्र बी खिशात ठिवलं, तितं तू थांबलीस. तवापासनं माज्या डोस्क्यात ते पोरगं तुरुंगात बसलंय."

परीक्षेच्या गडबडीत ती गोष्ट खरंच अर्धी राहिली होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. गोष्ट लिहायला शिकवणाऱ्या त्या सगळ्या पुस्तकांचं म्हणणं माझ्या डोक्यात एकदम एका जागी आलं. पोस्टमनचं पुढं काय झालं, हे कळणं आईला मनापासून हवं होतं. आबांनाही हवं होतं. आणि कादंबरी इंग्रजी होती.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "पुस्तक आणते. आबा वाचून सांगतील."

आबा पडवीतून म्हणाले, "मला त्यातलं काय येतंय?"

"रोज एक पान. अडलं तर शब्दकोश आहे, मी आहे."

"येडी का खुळी ही पोरगी," आबा म्हणाले. पण आई पदराला हात पुसत पडवीत येऊन त्यांच्यासमोर बसली होती. आई संध्याकाळच्या वेळी चूल सोडून बसली आहे, हे आम्ही दोघांनी पहिल्यांदाच पाहिलं.

पहिलं पान व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. आबा ओळीखाली बोट ठेवून वाचत, शब्दाशब्दाला अडत, आणि एक वाक्य लागलं की आईला मराठीतून सांगत. आई त्यांना सोडत नसे. "म्हंजी त्यानं पाकीट फोडलं? का नुसतं हातात घेतलं? नीट बगा." आबा परत वाक्य वाचत. आईच्या त्या प्रश्नांनी आबांना काळ शिकवले, क्रियापदं शिकवली. फोडलं, फोडतोय, फोडणार, यांतला फरक आईला कळल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नव्हती. दहाव्या पानावर पोस्टमननं पाकीट फोडलं. पंधराव्या पानावर त्यानं म्हातारीच्या नावानं मुलाला उत्तर लिहिलं. त्या संध्याकाळी आई रडली आणि खेकड्यांच्या रश्श्यात मीठ दोनदा पडलं. तो रस्सा आम्ही पाणी घालून, भुरकत भुरकत, पुढं काय होईल यावर वाद घालत संपवला. नंतर पानं भराभर उलटू लागली. आबांनी शब्दकोश माझ्याकडून मागून घेतला आणि परत दिला नाही.

गणिताचं गाडंही तसंच एका संध्याकाळी हललं. क्ष म्हणजे काय, हे मी शंभरदा समजावून थकले होते. शेवटी म्हणाले, "आबा, एका कप्प्यात किती पुस्तकं आहेत माहीत नाही. तसे तीन कप्पे भरलेत, वर सात पुस्तकं टेबलावर आहेत, मिळून सत्त्याण्णव. एका कप्प्यात किती?"

"तीस," आबा पटकन म्हणाले. "आदी सात बाजूला काडायची."

"हेच क्ष."

आबा म्हणाले, "मंग पुस्तकं म्हनायचं की, सवे. सा म्हयने मला क्षच्या मागं पळवलंस."

ऑक्टोबरला ते परत पौडला गेले, आणि त्या वेळी मी पहाटे त्यांना काही म्हणायला लावलं नाही. आईनं त्यांना नाचणीची भाकरी आणि सुकट बांधून दिली, एवढंच. निकालाच्या दिवशी मी इंटरनेटच्या दुकानात नंबर टाकून पडद्याकडं बघत होते. पान उघडता उघडत नव्हतं. उघडलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडले की दुकानदार म्हणाला, "ताई, पहिला नंबर आला का?" मी म्हणाले, "हो." इंग्रजीत बेचाळीस होते. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेल्या कुठल्याही गुणांचा मला तेवढा आनंद झालेला नाही. आबा त्या संध्याकाळी पुढच्या वाटेनं, विहारावरून घरी आले, आणि तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या हातावर स्वतः पेढा ठेवत आले.

परिचराची जागा अजून भरली नव्हती. तिच्यासाठी मुलाखत झाली. आत करंदीकर मॅडम, कार्यालयातले एक अधिकारी आणि बाहेरून आलेले एक वयस्कर प्राध्यापक होते. मी व्हरांड्यात बसले होते. आत काय झालं ते मॅडमनी मला नंतर सांगितलं, आणि नेहमीच्या त्या करारी बाई सांगताना हसत होत्या. प्राध्यापकांनी आबांचा अर्ज पाहून थोडं तुच्छतेनं विचारलं होतं, "पुस्तकं लावता येतील, पण तुम्ही स्वतः कधी एखादं वाचलंय का?"

आबा म्हणाले, "व्हय सायेब. एक इंग्रजी वाचलंय."

"सांगा बघू."

आबांनी सांगायला सुरुवात केली. गावापासून नाही, पोस्टमनच्या हातातल्या पत्रापासून. म्हातारी, तुरुंगातला मुलगा, खोटी उत्तरं, आणि मग मुलाचं पत्र की आई, मी सुटलोय, अमुक दिवशी येतोय, मला घ्यायला ये. पोस्टमन गाडीच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो. गाडी येते, दार उघडतं. एवढं सांगून आबा थांबले. 

"मग?" प्राध्यापक म्हणाले. "काय सांगितलं त्यानं मुलाला?"

आबा संकोचून म्हणाले, "त्ये वाचूनच बरं वाटंल सायेब. तिसरी रांग, खालनं दुसरा कप्पा. आनून देऊ का?"

प्राध्यापकांनी ते पुस्तक त्याच दिवशी मॅडमच्या सहीनं घरी नेलं.

नेमणुकीचं पत्र आठवड्यानं हातात आलं, दुपारच्या वेळी. आबांना ते संध्याकाळी घरी सांगायचं होतं. मीच हट्ट धरला की आत्ताच आईकडं जायचं. आळीतल्या एका मुलाच्या रिक्षानं आम्ही भुकूमला गेलो. नर्सरीत पंधरा-वीस बाया उन्हात ओळीनं बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या. आबांना तिथं यायची सवय नव्हती. ते गुलाबाच्या कलमांपाशी अवघडून उभे राहिले. आई आम्हाला बघून घाबरून उठली, "काय झालं? कुनाला काय झालं?" मी पत्र तिच्या पुढं धरलं. तिनं मातीचे हात लुगड्याला पुसले, पत्र घेतलं आणि अक्षर अक्षर लावत वाचलं. तिची शाळा तिसरीत सुटली होती. आबांचं नाव आलं तिथं ती थांबली, मग पुढचे दोन शब्द तिनं सावकाश जुळवले. ग्रंथालय. परिचर.

"आता घरी जाऊन सांगतो समद्यांना," आबा हळूच म्हणाले.

"घरी कशाला? हितंच सांगा. मोट्यानं."

"अगं, हितं..."

"सांगा म्हनतीया ना."

आबांनी घसा खाकरला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात चार लोकांत आवाज चढवला नव्हता, तो त्या बायांच्या ओळीपुढं ताठ उभा राहिला आणि म्हणाला की मी दहावी पास झालोय, आणि एक तारखेपासनं टेकडीवरच्या लायब्ररीत परिचर म्हणून लागतोय. मातीच्या हातांनी टाळ्या वाजू लागल्या. कुणी पेढे मागितले, कुणी आईच्या पाठीत धपाटा घातला. आबा लाजून माझ्यामागं सरकू लागले, तर आईनं त्यांचा दंड धरला.

"परत येकदा," आई म्हणाली. "त्या पल्याडच्या शेडमदल्या बायांना ऐकू न्हाई ग्येलं."